लोखंडावरचा आकडा आणि कागदावरचा धनी

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील एका गृहस्थाने २०१६ साली इंडियाना राज्यातील एका विक्रेत्याकडून १९५९ सालची, तांबड्या रंगाची, उघड्या टपाची शेवरोले कॉर्व्हेट मोटार सुमारे ५० हजार डॉलर मोजून खरेदी केली आणि पुढल्या वर्षी, परराज्यातून आणलेली गाडी नोंदविण्यापूर्वी ती महामार्ग पोलिसांना दाखवावी लागते या नियमाबरहुकूम, ती तपासणीस नेली. त्या दिवशी तो गाडीतून गेला आणि गाडीवाचून परतला. तपासणी करणाऱ्या अंमलदाराची नजर दाराच्या खांबाजवळील ओळखपट्टीवर गेली, ती पट्टी ज्या रिव्हेटांनी बसविली होती ती कारखान्याच्या पद्धतीची नाहीत असे त्याने ठरविले, आणि गाडी जागच्या जागी जप्त झाली. खरेदीदाराने काही लबाडी केली असा आरोप सरकारचाही नव्हता; परंतु ओळखक्रमांकाची पट्टी काढलेली वा बदललेली गाडी ही निषिद्ध वस्तू असून ती नष्ट करावी, असे राज्याच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले होते, आणि त्या वाक्यात मालकाच्या निरपराधपणाला कोठेच जागा ठेवलेली नव्हती.

पट्टी काढली कोणी आणि कशासाठी, हा प्रश्न खरे तर अवघड नव्हता. कॉर्व्हेटचे अंग पोलादाचे नसून काचतंतूंचे असते. त्या अंगावर आकडा ठोकता येत नाही, म्हणून कारखान्याने तो एका पातळ पत्र्यावर उमटवून पत्रा खांबावर बसविला, आणि तोच आकडा खालच्या सांगाड्यावर अशा जागी ठोकला की अंग वर उचलल्याशिवाय तो पुरता दिसू नये. अशा गाडीचा कोणी मन लावून जीर्णोद्धार करू लागला, म्हणजे रंग खरवडताना पत्रा काढणे आलेच आणि रंग वाळल्यावर तो पुन्हा बसविणे आलेच. चोरीच्या गाडीला दुसऱ्या गाडीची पट्टी लावणारा भामटा जी कृती करतो, नेमकी तीच कृती प्रामाणिक कारागीरही करतो. हेतू निराळा असतो, पण हेतू पत्र्यावर उमटत नाही. पुढे सुमारे पाच वर्षे गाडी सरकारी ताब्यात राहिली, खटला चालला, वर्तमानपत्रांतून आरडाओरड झाली, आणि अखेर २०२२ साली राज्याच्या विधिमंडळाने, जुन्या गाडीच्या दुरुस्तीसाठी वा जीर्णोद्धारासाठी पट्टी काढून पुन्हा बसविली असल्यास ती गाडी निषिद्ध मानू नये, अशी दुरुस्ती कायद्यात केली, तेव्हा कोठे ती कॉर्व्हेट मालकाच्या हाती आली. देशाच्या संघीय कायद्यात ओळखक्रमांक काढणे वा खोडणे हा गुन्हा ठरविताना, दुरुस्तीसाठी ते आवश्यकच असेल तर त्यास अपवाद, अशी सवड मुळातच ठेवलेली होती. राज्याच्या कायद्याला तेवढे सुचायला एक माणूस आणि एक गाडी भरडली जावी लागली.

या प्रकरणाकडे मी अंमलदाराच्या मूर्खपणाची गोष्ट म्हणून पाहत नाही, कारण तो मूर्ख नव्हता. त्याने पाहिले ते खरेच पाहिले. जुन्या मोटारीच्या बाबतीत मालकी नावाची वस्तू दोन निरनिराळ्या ठिकाणी वास करते: एक लोखंडावर ठोकलेल्या आकड्यात आणि दुसरी दप्तरातल्या कागदात. ही दोन्ही एकमेकांशी जुळतील असे कायदा गृहीत धरतो आणि काळ मात्र त्या दोहोंना आपापल्या गतीने झिजवीत असतो. त्यांतील तफावत दिसली की मालकाला पहिला मोह होतो तो आकडा नीटनेटका करून टाकण्याचा. आणि माझ्या समजुतीप्रमाणे या सर्व व्यवहारातले बहुतेक अनर्थ चोरांच्या लबाडीपेक्षा भल्या माणसांच्या या नीटनेटकेपणातून उद्भवतात.

आज आपण ज्याला वाहनाचा ओळखक्रमांक म्हणतो, तो सतरा अक्षरांचा ठरीव साचा अमेरिकेत १९८१ सालच्या गाड्यांपासून सक्तीचा झाला. आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे एक व शून्य यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यातून वगळलेली असतात. नववे चिन्ह गणिताने काढलेले असते, त्यामुळे एखादा आकडा चुकीचा लिहिला तर हिशेब जुळत नाही आणि चूक आपोआप उघडी पडते. त्यापूर्वी मात्र प्रत्येक कारखान्याची रीत वेगळी. वर सांगितलेल्या कॉर्व्हेटचाच क्रमांक घ्या: आरंभी जे हे अक्षर, मग ५९ हे साल, मग सेंट लुइसच्या कारखान्याचे एस, आणि पुढे १००००१ पासून चढत जाणारा अनुक्रम, त्या वर्षी अशा ९,६७० गाड्या निघाल्या, एवढे त्या अनुक्रमावरून सांगता येते, पण पडताळणीचे चिन्ह त्यात नाही. आणखी मागे गेलो तर घोटाळा अधिकच दाटतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील कित्येक राज्ये मालकीच्या दाखल्यावर सांगाड्याचा नव्हे, तर इंजिनाचा क्रमांक लिहीत असत. इंजिन ही तर गाडीतली सर्वांत आधी झिजणारी आणि सर्वांत आधी बदलली जाणारी चीज. ते बदलले की कागद खोटा पडे, म्हणून कित्येक गॅरेजवाले जुन्या इंजिनाचा आकडा नव्या इंजिनावर, कसल्याही पापबुद्धीशिवाय, हाताने ठोकून देत. आज सत्तर-ऐंशी वर्षांनी तीच गाडी तपासणीस आली म्हणजे दाखल्यावरचा आकडा सांगाड्यावर सापडत नाही, इंजिनावर सापडतो तो हाताने ठोकलेला, आणि तपासनीस भुवई उंचावतो.

अमेरिकेत मालकीचा जो दाखला ‘टायटल’ या नावाने ओळखला जातो, तो मालकीचाच कागद असतो; इंग्लंडातील नोंदणीपत्र मात्र गाडी कोणाच्या ताब्यात नोंदलेली आहे एवढेच सांगते आणि आपण मालकीचा पुरावा नाही असे आपल्याच तोंडाने कबूल करते. टायटल हरवलेल्या अमेरिकनाला मग नाना वाटा शोधाव्या लागतात. एक वाट हमीची: गाडीच्या किमतीच्या दीडपट वा त्या मानाने ठरेल तेवढ्या रकमेचा जामीन विमा कंपनीमार्फत भरावयाचा, आणि ठरावीक वर्षांत, बहुधा तीनांत, कोणी खरा मालक पुढे आला नाही तर दाखला निर्वेध व्हावयाचा. ही वाट लांबची असली तरी सरळ आहे, आणि मला ती आवडते. कारण ती शंका लपवीत नाही, शंकेची किंमत ठरविते. दुसरी वाट फार वर्षे व्हर्माँट राज्यातून जात असे. पंधरा वर्षांहून जुन्या गाड्यांना ते राज्य टायटल देतच नसे, नोंदणी हाच पुरावा मानी, आणि परराज्यातला माणूसही टपालाने अर्ज करून अशी नोंदणी मिळवू शके. मग तीच नोंदणी आपल्या राज्यात दाखवून तो तिथे टायटल काढी. कोठारात सापडलेल्या असंख्य गाड्या या चोरवाटेने शुद्ध होऊन बाहेर पडल्या, त्यांत निरुपद्रवी बहुतेक आणि चोरीच्याही काही असणारच. २०२३ साली त्या राज्याने परक्यांसाठी ही वाट बंद केली. बंद केली ते बरेच केले असे मी म्हणेन, पण हेही म्हणेन की जिथे सरळ रस्ता आठ महिने लागणारा असतो, तिथे चोरवाट वापरणारा प्रत्येकजण चोर नसतो.

आकडा शेवटी दर्शवितो तरी काय, असा मूलभूत प्रश्न एका इंग्लिश न्यायालयापुढे १९९० साली उभा राहिला, आणि मोटारींच्या इतिहासात तत्त्वचिंतनाला इतके जवळ गेलेले दुसरे प्रकरण मला ठाऊक नाही. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने विख्यात असलेली बेंटली स्पीड सिक्स जातीची शर्यतीची गाडी, जिने १९२९ आणि १९३० या लागोपाठ दोन वर्षी फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली, ती तत्कालीन मालकाने एका कंपनीस १ कोटी पौंडांना विकण्याचा करार केला. आणि मग घेणाऱ्याने हात आखडता घेतला, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती ‘ती’ गाडीच नव्हती. म्हणणे पोकळ नव्हते. शर्यतींच्या त्या वर्षांतच तिचे भाग वारंवार बदलले गेले. पुढे तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसविले. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या शर्यतीत ती धावपट्टीच्या उंच कडेवरून बाहेर फेकली जाऊन चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला. नंतर तिची पुन्हा बांधणी होऊन तिच्यावर बंदिस्त अंग चढले. १९२९ साली ल माँच्या प्रारंभरेषेवर उभ्या असलेल्या लोखंडापैकी अगदी थोडेच काय ते न्यायालयात उभ्या असलेल्या गाडीत उरले होते. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी निर्णय दिला तो विक्रेत्याच्या बाजूने. गाडी मूळ स्वरूपातली नाही हे त्यांनी मान्य केले, परंतु तिच्या अस्तित्वाचा धागा कोठे तुटलेला नाही, प्रत्येक बदल त्याच एका गाडीवर, चालत्या इतिहासात, झालेला आहे, आणि तिचे नाव सांगू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही, म्हणून हीच ‘ओल्ड नंबर वन’, असे त्यांनी ठरविले. भाग गेले तरी वंश राहिला. आणि वंश शाबीत झाला तो शर्यतींच्या नोंदी, बांधणीच्या वह्या, छायाचित्रे आणि माणसांच्या साक्षी यांच्यावरून. कोणी हुशार कारागिराने त्या गाडीचे आकडे मध्येच केव्हा तरी ‘नीट’ करून ठेवले असते, तर हा धागा न्यायमूर्तींच्या हाती लागला असता असे मला वाटत नाही.

इंग्लंडातल्या वाहन-नोंदणी खात्याने या प्रश्नाचे उत्तर गुणांकनात बसविले होते: सांगाड्याला पाच गुण, निलंबन, आस, गिअरबॉक्स आणि सुकाणू यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला फक्त एक; आठ गुण मिळाले आणि सांगाडा मूळचा असला तर जुना नंबर राहावयाचा, नाही तर क्यू अक्षराने सुरू होणारी, वय आणि कूळ अज्ञात असल्याची जाहिरात करणारी पाटी लावून फिरावयाचे. ज्या इंजिनावर अमेरिकन राज्यांनी एके काळी सगळी मालकी टांगली होती, त्याला इथे चौदांतला एक गुण!

आपल्याकडे आल्यावर हा गुंता दोन्ही टोकांनी वाढतो. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली जुळणीचा कारखाना काढला, पाठोपाठ फोर्डही आले, आणि १९४७ नंतर कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून आधी डॉज, प्लिमथ, डीसोटो आणि मग फियाट बाहेर पडू लागल्या. खोक्यांतून सुटे भाग यावेत आणि ते इथे जुळवावेत, अशा पद्धतीत गाडी तयार झाल्याचे साल, बंदरात उतरल्याचे साल आणि नोंदणीचे साल ही तिन्ही निरनिराळी असू शकत; नोंदणी पुस्तकात मात्र एकच साल लिहिले जाई, आणि ते कोणते लिहावे हे त्या दिवशीच्या कारकुनाच्या मर्जीवर असे. स्वदेशी उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना वाव न देण्याचे धोरण सरकारने १९५३ साली स्वीकारल्यावर पुढल्याच वर्षी फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघीही इथला गाशा गुंडाळून गेल्या. परदेशी कारखान्याची जुनी दप्तरे काही ठिकाणी अजून उत्तर देतात. ऑस्टिन, मॉरिस, एमजी यांच्या नोंदी इंग्लंडात गेडन येथील वारसा-न्यासाकडे आहेत, फियाटचे ऐतिहासिक दप्तर ट्यूरिनला आहे, रोल्स-रॉइसची प्रत्येक चॅसिसची कार्डे इंग्लंडातल्या रसिकांच्या संस्थेने जपली आहेत, आणि एखाद्या संस्थानिकाची गाडी कोणत्या बोटीने मुंबईस रवाना झाली एवढेसुद्धा त्यांतून कधीकधी कळते. शिवडीच्या जुळणीबद्दल तितक्या तत्परतेने उत्तर देणारी खिडकी मात्र कोठे नाही.

त्यात इंजिनांची कथा स्वतंत्रच. पेट्रोलची दरवाढ आणि सुट्या भागांचा दुष्काळ यांनी पिडलेल्या काळात, आठ सिलिंडरांची भलीमोठी अमेरिकन गाडी चालविणे परवडेनासे झाल्यावर, आपल्या मिस्त्र्यांनी तिच्या पोटात पर्किन्सचे डिझेल इंजिन बसविले, क्वचित अ‍ॅम्बॅसेडरचे चढविले, आणि गाडी आणखी वीस वर्षे लग्नाच्या वरातीत आणि भाड्याच्या फेऱ्यांत राबविली. या कर्तबगारीला मी नमस्कार करतो. पण मोटार वाहन कायद्याप्रमाणे असा बदल नोंदणी पुस्तकात चढवून घ्यावा लागतो, आणि ते कष्ट फारच थोड्यांनी घेतले. आज जीर्णोद्धार करणारा हौशी माणूस परदेशातून मूळ जातीचे इंजिन मिळवून बसवितो, तेव्हा पुस्तकात पहिले, प्रत्यक्षात मधले गेलेले आणि आता तिसरे, अशी तीन पिढ्यांची इंजिने एकमेकांना साक्ष देत नाहीत. महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेल्या विलीज व फोर्डच्या ‘डिस्पोजल’ जीपांबद्दल तर बोलायलाच नको; एकीचा सांगाडा, दुसरीचे अंग आणि तिसरीचा कागद हे त्यांचे सर्वसाधारण कूळ.

नवा आकडा ठोकून देण्याची विद्या जिथे गाड्या कापल्या जातात तिथे जवळपास मिळतेच, आणि ती देणारा माणूस ‘साहेब, प्रिंट तर आली पाहिजे ना’ अशा व्यवहारी सुरात ती देऊ करतो. ही प्रिंट म्हणजे चॅसिस क्रमांकावर कागद धरून पेन्सिलीने घासून काढलेला ठसा, जो अर्जावर चिकटवावा लागतो. गंजाने आकडा खाल्ला असेल तर ठसा उमटत नाही, खिडकीवरचा कारकून अर्ज परत करतो, आणि मालकाला मोह होतो तो इथे. त्याला ठाऊक नसते ते एवढेच की पोलादावर ठसा मारताना केवळ वरचा खळगा पडत नाही. आघाताने खालच्या धातूची घडण दाबली जाऊन तिचे स्वरूप बदलते, आणि वरचा आकडा कानशीने पूर्ण घासून टाकला तरी तो दाब आत राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर क्यूप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे मिश्रण फिरविले की दाबलेला आणि न दाबलेला धातू निरनिराळ्या वेगाने खाल्ला जातो आणि पुसलेला आकडा पुन्हा दिसू लागतो. म्हणजे गंजलेल्या खऱ्या आकड्यावर तोच आकडा नव्याने ठोकणारा भला माणूस, पुराव्यावर दुसरा पुरावा चढवून, आपलीच गाडी संशयिताच्या पिंजऱ्यात उभी करतो. गंजलेला आकडा अर्धाच दिसत असला तरी तो तसाच राहू द्यावा, स्वच्छ तिरप्या उजेडात त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि निरीक्षकाला जागेवर बोलावून त्याच्या शेऱ्यानिशी तो नोंदवून घ्यावा.

कागदाची बाजू याहून किचकट, कारण तिथे माणसे येतात. जमिनीला निदान सातबारा असतो आणि त्यावर फेरफारांची ओळ तरी लागते. मोटारीचे नोंदणी पुस्तक मात्र शेवटच्या नोंदलेल्या धन्याचे नाव तेवढे सांगते आणि मधल्या साखळीबद्दल बहुधा मौन धरते. १९३० चा मालविक्री कायदा म्हणतो की जो स्वतः मालक नाही त्याच्याकडून घेणाऱ्याला, कायद्याने सांगितलेले अपवाद वगळता, मालकी मिळत नाही; मोटार वाहन कायदा म्हणतो की ज्याच्या नावे गाडी नोंदलेली तो मालक. या दोन वाक्यांमधल्या फटीत आपल्याकडचे निम्मे तंटे राहतात. गाडी विकली, पैसे मिळाले, मालकी-बदलाच्या नमुना २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून दिल्या, आणि घेणाऱ्याने त्या आपल्या कपाटात ठेवून गाडी पुढे विकली, मग त्याने आणखी पुढे. अशा हातोहात फिरलेल्या, पण नावावर न चढलेल्या गाडीच्या अपघाताचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा २०१८ साली न्यायालयाने नुकसानभरपाईचा भार पुस्तकातल्या नोंदलेल्या मालकावरच टाकला. चाळीस वर्षांपूर्वी विकलेली गाडी आज कोणी गोदामातून काढून रस्त्यावर आणली, तर कागदोपत्री तिचा धनी कदाचित ते विसरूनही गेलेला एखादा वृद्ध असतो, किंवा त्याचे परदेशी गेलेले वारस. आणि पहिले काम म्हणजे त्यांना शोधून काढणे.

धनी मरण पावला असेल तर नमुना ३१, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती. वारसांपैकी एकाची सही मिळत नाही ही जणू निसर्गाचीच व्यवस्था. पुस्तकात कर्ज देणाऱ्या संस्थेच्या बोजाची नोंद असेल आणि ती संस्था दुसऱ्या बँकेत विलीन झालेली वा बंद पडलेली असेल, तर कधीच फेडलेल्या कर्जाचा ना-हरकत दाखला मिळविण्यासाठी तिची वारसदार बँक हुडकावी लागते. गाडी संस्थानिकाची असेल तर आणखी मौज: विलीनीकरणाच्या वेळी प्रत्येक राजाने आपली खाजगी मिळकत आणि संस्थानची मिळकत यांची यादी सरकारकडे दिली, त्यामुळे गाडी यादीच्या कोणत्या बाजूला होती यावर तिच्या आजच्या विक्रीची वैधता ठरू शकते. वकिलातीने आणलेली गाडी असेल तर ती बहुधा स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली गेलेली असते, आणि जकातीचा बिल ऑफ एंट्री व त्या विक्रीचे पत्र हीच तिची जन्मकुंडली. गोव्यातल्या जुन्या गाड्यांची पहिली कागदपत्रे पोर्तुगीजमध्ये असतात, आणि १९६१ नंतर त्यांना भारतीय नोंदणी मिळाली तेव्हा जुन्या पुस्तिकेतला क्रमांक नव्या वहीत उतरविताना कोणाच्या हातून काय सुटले, ते ताडून पाहावयाचे तर दोन्ही कागद हाती हवेत. माझे स्वतःचे मत असे की या कागदांत खरी किंमत चकचकीत सत्यप्रतींना नसते, ती असते वाळवीने खाल्लेल्या कर-पावत्यांना, जुन्या विमापत्रांना, पेट्रोल रेशनच्या कार्डांना. कारण ती कोणी मालकी सिद्ध करण्याच्या हेतूने जपलेली नसतात.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली, तेव्हा हौशी मंडळींत मोठा आनंद झाला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुनी, मूळ रूपात राखलेली, सांगाडा, अंग व इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी वा चारचाकी या व्याख्येत बसते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुढील नूतनीकरणाला ५ हजार, आणि मुदत दहा वर्षांची. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरे. पूर्वीची नोंदणी असलेल्या गाडीला आपला जुना नंबर कायम ठेवता येतो, ही त्यातली सर्वांत सहृदय तरतूद. एखाद्या घराण्याला गाडीइतकाच तिचा बी किंवा एम या अक्षराने आरंभ होणारा जुना नंबर प्रिय असतो. अशी गाडी प्रदर्शनासाठी, संशोधनासाठी, रॅलीसाठी, इंधन भरण्यासाठी व दुरुस्तीसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वा धंद्याच्या वापरासाठी नाही. परंतु अर्जासोबत काय मागितले आहे ते आनंदाच्या भरात पुष्कळांनी वाचले नाही: आयात केलेली असेल तर बिल ऑफ एंट्री, आणि इथे नोंदलेली असेल तर जुने नोंदणी पुस्तक. म्हणजे तुटलेली साखळी या नियमाने सांधली जात नाही. सांधलेली साखळी घेऊन या, मग पाटी देतो, असे हा नियम म्हणतो. ‘मूळ रूपात’ या शब्दांपुढे ती पर्किन्सची इंजिने आणि त्या जीपा कशा उभ्या राहणार, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या निरीक्षकापुढे सोडवावयाचा आहे.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. गाडी उघडण्यापूर्वी, रंगाला हात लावण्यापूर्वी, पट्टी, ठोकलेला आकडा, इंजिनाचा आकडा आणि जुनी नंबरपाटी यांची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत. पट्टी शक्यतो काढूच नये, काढावीच लागली तर कोणाच्या हातून, केव्हा, कशासाठी काढली याचे टिपण त्या कारागिराच्या सहीने ठेवावे आणि जुनी रिव्हेटे पाकिटात घालून जपावीत. मग ज्या कार्यालयाने पहिली नोंदणी केली तिथल्या नोंदवहीचा उतारा मागावा. नोंदणी १९८९ पूर्वीची, हस्तलिखित वहीतली असेल तर ती संगणकात आहे की नाही ते आधी पाहावे. नसेल तर ‘बॅकलॉग एन्ट्री’ झाल्याखेरीज पुढचे एकही पाऊल पडत नाही. असेल तर अक्षर अन् अक्षर ताडावे, कारण बीचा आठ आणि एसचा पाच करण्याची परंपरा आपल्या कार्यालयांत दीर्घ आहे. चूक कागदाची असेल तर कागद दुरुस्त करून घ्यावा, त्यासाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, निरीक्षकाची पाहणी, वाटल्यास उच्च न्यायालय. मग गाडी चोरीची नाही याचा पोलिसी दाखला, नंतर वारस, नंतर बोजा, नंतर थकलेला कर. गाडी वापरात नसल्याची सूचना त्या वेळी दिलेली नसेल तर त्या करावरून जो वाद होईल तो होऊ द्यावा.

ज्यांच्याबाबत यांतले काहीच हाती लागत नाही अशा गाड्याही आहेत, आणि त्या थोड्या नाहीत. त्या ‘पार्ट्सवर’ विकल्या जातात: म्हणजे गाडी म्हणून नव्हे, तर सुट्या भागांचा ढीग म्हणून, कागदाशिवाय, रोखीने, चालू किमतीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाला. घेणारा कधी त्यातले दिवे आणि जाळी काढून आपल्या कागदवाल्या गाडीला लावतो, कधी सगळीच गाडी जुळवून दिवाणखान्यात उभी करतो. आणि कधी, दोन-तीन वर्षांनी, तीच गाडी दुसऱ्या एखाद्या भंगारात गेलेल्या गाडीच्या पुस्तकासह बाजारात दिसते, तेव्हा तिच्या चॅसिसवरचा आकडा पुस्तकाशी तंतोतंत जुळतो, ठसाही स्वच्छ उमटतो, आणि अनुभवी गिऱ्हाईक बॉनेट उघडून तो टवटवीत आकडा पाहिल्याबरोबर चहा न घेता निघून जातो.